झेंडूखालचा हिरवा दिवा

साखर कारखान्यातली यंत्रं मोठी नशीबवान. हंगाम संपला की त्यांना खोलतात, पुसतात, ग्रीस लावतात आणि पावसाळाभर निवांत झोपू देतात. मिल झोपते, बॉयलर गार पडतो, हंगामी कामगार आपापल्या गावाला जाऊन भाताच्या चिखलात उभे राहतात. बारा महिने जागं असतं ते एकच यंत्र, ऑफिसच्या मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. आणि त्याच्यापायी जागा असतो अंबादास साळोखे.

त्या खोलीच्या दारावर अजून 'ई.डी.पी. विभाग' अशी पाटी आहे. या तीन अक्षरांचा अर्थ आता कारखान्यात कुणाला सांगता येणार नाही. अंबादासला येतो, इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, पण त्याला कुणी विचारत नाही. पलीकडे नवा हॉल झालाय, काचेच्या दाराचा. तिथे पुण्याहून आलेला धवल नावाचा तरुण अधिकारी नव्या यंत्रणेचं काम बघतो. काट्यावर उसाची गाडी उभी राहिली की वजन आपोआप धवलकडे पोचतं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जातो, आणि गाडी काट्यावरून उतरायच्या आत सगळं उरकलेलं असतं. मग तीच वजनं कागदावर छापून अंबादासकडे येतात आणि तो ती जुन्या मशीनमध्ये पुन्हा एकदा बोटांनी भरतो आणि दर आठवड्याला दोन्हींचा ताळा छापून चेअरमनच्या केबिनमध्ये पाठवतो.

आता याला काय म्हणावं? नवी यंत्रणा आली तेव्हा चेअरमन गणपतराव म्हणाले होते, "एक हंगाम दोन्ही बी चालू दे. जुळतंय का बघू." त्यात वावगं काही नव्हतं. सगळीकडे असंच करतात, नवं जुन्याशी ताडून बघतात आणि मग जुन्याला निरोप देतात. पहिल्या हंगामात जुळलं. दुसऱ्यातही जुळलं. पण निरोपाचं कुणी नाव काढेना. अंबादासचं निवृत्तीचं वय होऊन गेलं, त्याला मुदतवाढ मिळाली, ती संपली तशी आणखी एक मिळाली, कारण जुन्या मशीनची भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. धवलने एकदा तो प्रोग्राम उघडून पाहिला आणि, "काका, ही तर मोडी लिपी झाली," म्हणून हात जोडले.

अंबादास दमला होता. एखाद्या रजेने जाईल असला तो थकवा नव्हता. एकदा केलेलंच काम पुन्हा करायचं, आणि तेही कुणासाठी ते माहीत नाही, याने माणूस आतून झिजतो. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये बसलं की त्याला वाटायचं, ही बस आज कुठंतरी बंद पडावी.

त्यातून त्याला घाई होती, आणि घाईचं कारण होतं जोतीराम.

अंबादास कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. पेठेतल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो आपला आपण लागतो. कॉलेजात असताना तो तालमीच्या संघाचा गोलकीपर होता आणि त्याचा जिवाभावाचा मित्र जोतीराम डाव्या कडेने पळायचा. जोतीराम एकदा कडेला सुटला की त्याला धरणं अवघड होतं. पुढे जोतीरामने सायकलचं दुकान टाकलं आणि अंबादास कारखान्यात लागला. लागल्यावर त्याच्या एक साधी गोष्ट लक्षात आली, की कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. थंडी पडली की इकडे गाळप सुरू होतं आणि तिकडे शाहू स्टेडियमवर सामने. उन्हं तापली की दोन्ही आटपतात. आणि गाळपाच्या दिवसांत रजा मागणं म्हणजे लग्नघरात उपास धरल्यासारखं. त्यामुळे अख्खी नोकरीभर अंबादासने सामने ऐकले ते बसमध्ये, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्यांच्या तोंडून.

जोतीराम मात्र दर सामन्याला पायऱ्यांवरच्या ठरलेल्या जागी बसायचा आणि शेजारी अंबादाससाठी पेपर पसरून ठेवायचा. कुणी तिथे टेकायला लागलं की म्हणायचा, "पावणं, हितं माणूस हाय." माणूस काही यायचा नाही. पण पेपर पसरलेला असायचा.

मग जोतीरामला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधाने आहे तेवढी नजर टिकवायची, गेलेली परत येत नाही. अंधार कडेकडेने आत येत होता.

"नळीतनं बघितल्यागत दिसतंय रं," जोतीराम म्हणाला. "अंब्या, डोळं हायत तवर ये. एक हंगाम तरी शेजारी बस की. मागनं काय, कानानंच बघायचं हाय."

"येतो. यंदा सुटतोयच मी," अंबादास म्हणाला. असं म्हणून दोन हंगाम होऊन गेले होते.

आता कुणी म्हणेल, मग सोडायची नोकरी! सांगणं सोपं आहे. पण त्या मशीनशी त्याचं नातं नोकरीपुरतं नव्हतं. तरुणपणी कारखान्याने त्याला पुण्याला पाठवलं होतं, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून हिशेब कसे करतात ते शिकायला. तो शिकून परत येईतोवर कार्डांचा जमानाच संपला होता. पुढे खरंखुरं मशीन ट्रकमधून आलं. त्याच्यापुढे नारळ फुटला, त्याच्यासाठी कारखान्यातला पहिला एसी बसला, आणि त्या खोलीत जाताना चेअरमनसुद्धा चपला बाहेर काढू लागले. खेड्यापाड्यांतून माणसं नुसतं बघायला यायची. म्हातारे हिशेबनीस मात्र दारातूनच परत फिरायचे. हे कपाटातलं भूत आपल्या पोटावर पाय देणार असं त्यांना वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

अंबादासने त्या मशीनवर पहिला प्रोग्राम लिहिला तो ऊसतोडीच्या पाळीचा. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून आधी डोकी फुटायची. पहिल्या वर्षी मशीनवरही लोक भडकले, पण मग गप्प झाले, कारण मशीनला पावणे-रावळे नव्हते. त्या वर्षी अंबादास छाती काढून हिंडला होता. पुढे मशीनं बदलली. दोन हजार साल उजाडताना सगळे कॉम्प्युटर वेडे होणार अशी हूल उठली तेव्हा शेवटचं मशीन आलं. अंबादासचा प्रोग्राम मात्र भाडेकरूसारखा बिऱ्हाड उचलून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात राहायला जात होता. शेवटच्या मशीनची कंपनी बुडाली. तिचा सांगलीचा इंजिनिअर अखेरचा येऊन गेला तेव्हा म्हणाला, "साळोखेसाहेब, आता हे बंद म्हणून करू नका. फिरतंय तोवर फिरतंय. एकदा थांबलं तर उठायचं नाही."

इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला, कारण वर्षातून एकदा तरी ते बंद करणं भाग होतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि पूजेच्या दिवशी हत्यार थांबलंच पाहिजे. करवत चालत नाही, लेथ चालत नाही, मग मशीनने काय म्हणून चालायचं? आणि एवढ्या सगळ्यांसमोर 'हे थांबलं तर मरेल' असं सांगणं म्हणजे ऐन सणाला अभद्र बोलणं. अंबादासने एक युक्ती काढली. तो नुसता मशीनचा पडदा बंद करायचा. काळ्या पडद्याला हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. खाली कपाटात मशीन आपलं चालूच. फक्त त्याच्या अंगावर एक हिरवा दिवा जळायचा, तो दिसला तर बिंग फुटणार. म्हणून झाडलोट करणाऱ्या बयाबाई हाराच्या टोपलीतला सगळ्यांत थोरला झेंडू निवडून त्या दिव्यावर बसवायच्या. आत पंख्याची घरघर यायची, त्याबद्दल कुणी विचारलंच तर अंबादास म्हणायचा, "एसी आहे."

अशी कित्येक वर्षं गेली. देवी काही बोलली नाही, म्हणून माणसंही बोलली नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला पूजा आटपत आली तेव्हा गणपतराव सगळा लवाजमा घेऊन ई.डी.पी.त आले. आरती झाली. पेढे वाटले. पेढा हातात घेऊनच ते म्हणाले, "अंबादास, यंदा बी बोर्डानं तुमची मुदत वाढवली बरं का. कालच ठराव झाला."

टाळ्या पडल्या. कुणीतरी अंबादासच्या हातात आणखी एक पेढा ठेवला.

अंबादासला जोतीरामचे डोळे आठवले. पावसाळ्यात नजर आणखी अधू झाली होती. 'मला नको' एवढं म्हणायचं होतं. पण सणाचा दिवस, भरलेली खोली, समोर चेअरमन. आयुष्यात कधी सरळ नाही म्हटलेलं नव्हतं, ते एकदम कुठून यायचं? तो म्हणाला, "साहेब, नवीन पोरं चांगली तयार झालीत. धवल सगळं सांभाळतोय. आता माझं काय..."

"ते ऱ्हाऊ दे ओ," गणपतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हे मशीन चालू हाय तवर तुमास्नी कोण हलवत न्हाय. शब्द हाय माझा."

पुन्हा टाळ्या पडल्या, आणि सगळे पुढच्या नारळाकडे, बॉयलरकडे गेले.

अंबादास खुर्चीत बसला. दोन्ही हातांत पेढे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना. बयाबाई पाकळ्या गोळा करत होत्या.

"दमलासा की ओ सायेब," त्या म्हणाल्या.

"दमलो, बयाबाई."

"आन् ह्यो बी दमला असंल." त्यांनी केरसुणीने कपाटाकडे दाखवलं. "समद्यास्नी इसावा, आन् ह्येला एकल्यालाच न्हाय. वरसाच्या वरसाला देवीला फसवतोय आपण. बरं दिसतंय व्हय ते?"

एवढं बोलून त्या पुन्हा झाडायला लागल्या. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला होता.

अंबादासने पेढे टेबलावर ठेवले. मशीनचा पडदा चालू केला. हाराच्या आडून अक्षरं उजळली. मशीन थांबवायचा हुकूम काय असतो ते त्याला क्षणभर आठवेना, इतक्या वर्षांत तो दिलाच नव्हता. आठवला. मशीनने विचारलं, खात्री आहे का? त्याने मनाशी एक करार केला. आज ह्याला खरी नवमी द्यायची. दसरा झाल्यावर चालू करायचं. उठलं तर मी हाय हितंच, न्हाय उठलं तर देवीची मर्जी. आणि त्याने 'हो' म्हणून कळ दाबली.

पंखा हळू होत होत थांबला. खोली एवढी शांत झाली की पार मिलमधली घंटा ऐकू आली.

"एसी बंद पडला व्हय?" बयाबाईंनी विचारलं.

"न्हाय. एसी चालू हाय."

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी तो थोरला झेंडू उचलला. खाली दिवा नव्हता. त्यांनी फूल परत ठेवलं आणि हात जोडले. अंबादासनेही जोडले. एवढ्या वर्षांतली ती पहिली खरी पूजा होती.

दसऱ्याचं सोनं लुटून झालं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला, चपला बाहेर काढल्या आणि बटण दाबलं. आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने दाबलं नाही.

त्याला आनंद झाला. अगदी खरा आनंद झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की पहिल्यांदा मनात येतं, आज रात्री झोप मिळेल. तसला तो आनंद होता. त्याने हातरुमालाने कपाट पुसलं, वाळलेला हार काढला आणि धवलकडे गेला. धवलने बघून सांगितलं, "काका, काही अडत नाही. जुन्यातलं सगळं पहिल्याच वर्षी इकडे घेतलंय. नंतरचं तर आहेच." त्यात दिलासा होता, पण दोन वर्षं ज्याच्यासाठी बोटं झिजवली ते 'काही अडत नाही' एवढ्या तीन शब्दांत मावलं.

मग तो चेअरमनच्या केबिनमध्ये गेला. बोलणी खायची तयारी ठेवूनच.

"साहेब, जुनं मशीन गेलं."

"गेलं? कसं काय?"

"मीच बंद केलं, नवमीला. परत उठलं न्हाय."

गणपतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मग आता तुमचं कसं ओ?"

"माझं? माझं काय साहेब?"

"आवो, ते मशीन तुमच्यासाठीच ठेवलंतं की!"

अंबादासला काही कळेना.

"पहिला हंगाम झाला तवाच धवल म्हणालता, बंद करू या. मीच म्हटलं, थांब. आपलं हिशेबनीस बघा, घरी बसलं आन् वरीसभरात गेलं. तुमचं आयुष्य त्या खोलीत गेलं. नवमीला बी तुम्ही ते बंद करत न्हाईसा, फुलाखाली दिवा जळत असतोय, मला काय दिसत न्हाय व्हय? मी म्हटलं, एवढा जीव हाय ह्या माणसाचा त्याच्यात. असू दे, चालंल तवर चालंल."

"आणि ते कागद साहेब? दर आठवड्याला तुमच्याकडं येतात ते, नव्या-जुन्याचा ताळा?"

"ते कोण बघतंय?" गणपतराव म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. कोपऱ्यातल्या कपाटावर ते गठ्ठे होते, सुतळीसुद्धा न सोडलेले. वरच्या गठ्ठ्यावर कुणीतरी सत्काराचे नारळ ठेवले होते.

अंबादासने त्या गठ्ठ्यांकडे बघितलं. तो चेअरमनसाठी राहिला होता, आणि चेअरमन त्याच्यासाठी मशीन ठेवत होते. दोन भली माणसं एकमेकांवर उपकार करत बसली होती आणि तिकडे एका माणसाची नजर जात होती. राग कुणावर काढायचा? चेअरमन वाईट असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मला जायचं होतं साहेब," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "दोन वर्षं झाली. मला जायचं होतं."

"मग सांगायचं की!"

"तुम्ही इचारायचं की!"

बाहेरचा शिपाई आत डोकावला. गणपतरावांनी त्याला हातानेच परत पाठवलं. नंतर त्यांनी घंटा वाजवून दोन चहा मागवले.

अंबादास दिवाळीआधी मोकळा झाला. पाटी काढताना बयाबाईंनी ती धुऊन पुसून त्याला दिली. तो ती घरी घेऊन गेला, पण लावायला जागा सापडली नाही.

थंडी पडली. पहिल्या सामन्याच्या दिवशी कारखान्याचा भोंगा कुठंतरी वाजत असेल, आपण तिथे नाही, याचं त्याला नवल वाटत राहिलं. शाहू स्टेडियममध्ये तो शिरला तेव्हा आरडाओरडा सुरू झाला होता. तालमीची पोरं झेंडे नाचवत होती. पायऱ्यांवर ठरलेल्या जागी जोतीराम बसला होता, मैदानाच्या मधोमध नजर लावून, मान अजिबात न हलवता. शेजारी, डाव्या हाताला, पेपर पसरलेला होता आणि उडू नये म्हणून त्यावर भडंगाची पुडी ठेवली होती. पेठेत, रोजच्या वाटेवर, जोतीरामला किती दिसतं ते समोरच्याला कळत नसे. हाकेवरून, चालीवरून तो माणूस ओळखायचा.

अंबादास गर्दीतून वाट काढत डावीकडून गेला. पुडी उचलली आणि पेपरवर बसायला वाकला.

जोतीराम मान न वळवता म्हणाला, "पावणं, हितं माणूस हाय."

अंबादास वाकलेला तसाच राहिला. जोतीरामच्या खांद्यापासून हातभर अंतरावर तो होता, आणि जोतीरामच्या लेखी तिथे नुसता अंधार होता.

"मीच हाय रं जोत्या," तो कसाबसा म्हणाला.

जोतीरामने मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे त्याला अंबादास सापडला. त्याचं तोंड लहान पोरासारखं उजळलं. "आलास व्हय! बस, बस." आणि मग थोड्या वेळाने, मैदानाकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मधलं दिसतंय अजून. कडा न्हाय दिसत. बॉल डावीकडं गेला की गेलाच बघ. माझीच बाजू, आन् मलाच दिसत न्हाय."

अंबादासचे डोळे भरून आले. दोन हंगाम, आणि त्या सुतळी न सोडलेल्या गठ्ठ्यांपायी. त्याने पुडी फोडली, मूठभर भडंग जोतीरामच्या हातावर घातलं आणि डावीकडे नीट बघायला लागला.

"सांग की," जोतीराम म्हणाला. "कुणाकडं हाय?"

"लाल शर्टवाल्याकडं. नवा पोरगा हाय. कडेनं पळतोय."

"माझ्यागत?"

"तुझ्यापेक्षा हळू," अंबादास म्हणाला, आणि पुढचं सांगू लागला.